दस्तुरी ते बाजारपेठ: आईला माथेरान दाखवतानाचं एक प्रकरण

प्रकरण छोटंसंच आहे. अडीच किलोमीटरचा तांबड्या मातीचा रस्ता, ७४ वर्षांची आई, तिचे दोन्ही दुखरे गुडघे, आणि तिला दस्तुरी नाक्यावरून माथेरानच्या बाजारपेठेत न्यायचं कसं हा प्रश्न. २०२३ चा मे महिना. त्या सकाळी काय काय झालं ते मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं, पण नंतरच्या दोन वर्षांत त्यावर इतकं वाचलं, आईशी इतक्यांदा बोलणं झालं, की आता सगळं एकदा नीट मांडून ठेवावंसं वाटतंय. आपल्या गोव्यातून दर मे महिन्यात कितीतरी घरं म्हाताऱ्या माणसांना घेऊन अशा ठिकाणी जातात. आणि आपल्याकडे सुर्ल, चोर्ला घाट या भागाबद्दल सुद्धा "इथं एक मस्त हिल स्टेशन व्हायला पाहिजे" असं कोणी ना कोणी बोलत असतंच, तर त्यांनीही हे वाचावं.

आधी आईबद्दल सांगते. आम्ही साखळीचे. आई सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांमध्ये जवळजवळ ३० वर्षं शिकवत होती. १९६१ ला गोवा मुक्त झाला, मग भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्या लाटेत आई वय वाढल्यावर का होईना शाळेत बसली आणि पुढे तशाच शाळांत बाई म्हणून उभी राहिली. भूगोलात "थंड हवेची ठिकाणे" असायचं, महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा, उटी, सिमला, फळ्यावर लिहायचं आणि पोरांकडून पाठ करून घ्यायचं. दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, बाई तुम्ही बघितलंय काय हे? आईने बघितली होती फक्त आंबोली. ती मुलांना आंबोलीचं धुकं सांगायची आणि त्यावरून बाकीची ठिकाणं समजून घ्या म्हणायची. माथेरानला लहान गाडी आहे, डोंगरात वळत वळत जाते, हे तिने इतक्या पोरांना सांगितलं आणि स्वतः कधी पाहिली नाही, ही एक गोष्ट तिच्या मनात राहिली होती.

अजून एक आठवण तिनेच सांगितलेली. माथेरान शोधलं ठाण्याच्या कलेक्टरने, असं ती वाचून दाखवायची, तर पोरांना वाटायचं ठाणे म्हणजे आपलं ठाणे, डोंगुर्लीजवळचं, सत्तरीतलं. आपल्या ठाण्यात कलेक्टर होता म्हणून पोरं खूश. आई म्हणते मी लगेच दुरुस्त नाही करायची, दोन मिनिटं तसंच राहू द्यायची.

तर २०२३ ला ठरवलं की आईला न्यायचंच. आई, मी, माझा नवरा, बारावीतला मुलगा आणि वयनी, असे पाच जण. मडगावहून रात्रीची कोकण रेल्वे, पहाटे पनवेल, तिथून टॅक्सीने नेरळ. आमची पहिली चूक नेरळलाच झाली. लहान गाडीचं तिकीट सहज मिळेल असं आम्ही धरून चाललो होतो. सुट्टीचे दिवस, गाडीला डबे मोजकेच, दिवसाला फेऱ्या मोजक्याच, आणि आम्ही चहा-नाश्ता करून आरामात खिडकीपाशी गेलो तेव्हा पुढे लांबच लांब रांग. आमचा नंबर यायच्या कितीतरी आधी जागा संपल्या. आईचं तोंड उतरलं, ती काही बोलली नाही, नुसती त्या उभ्या असलेल्या छोट्या डब्यांना हात लावून आली.

दुसरी चूक जास्त मोठी. आमच्या ओळखीच्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत जाते. आम्ही कोणी खात्री करून घेतली नाही. टॅक्सी जाते ती दस्तुरी नाक्यापर्यंत. तिथून पुढे मोटार नाही, स्कूटर नाही, काही नाही. तेव्हा फक्त रुग्णवाहिका आणि आगीचा बंब असल्या गाड्यांना मुभा होती. बाकी सगळ्यांनी पायी जायचं, नाहीतर घोडा, नाहीतर हातरिक्षा, नाहीतर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून बाजारपेठेपर्यंत जाणारी शटल गाडी. शटलचीही पुढची फेरी भरली होती आणि त्यानंतरची बऱ्याच वेळाने. आमच्याकडे दोन बॅगा, एक पिशवी फणसाची साठं आणि आई.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण दस्तुरीवर उभं राहून मला जो प्रश्न पडला तो आमच्यापुरता नव्हता, ते गाव वसलं तेव्हापासून तो तिथेच आहे. या डोंगरावर माणसाने चढायचं कसं आणि त्याला चढवणार कोण?

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढला. त्याला हवा आवडली, परत आला, घर बांधलं. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन इथं आला, त्याने रस्ते आखायला लावले, स्वतःसाठी लॉज बांधायला घेतलं, आणि गव्हर्नर जातो म्हटल्यावर मुंबईचे बाकीचे साहेब, मग पारशी, बोहरी, गुजराती श्रीमंत मंडळी सगळी मागोमाग आली. १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत ती नेरळच्या पुढेपर्यंत गेली, त्यामुळे मुंबईहून नेरळ सोपं झालं. उरला तो वरचा चढ. पुस्तकांत "मॅलेटने शोधलं" असंच असतं आणि आईनेही तसंच शिकवलं, पण डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर धनगर, ठाकर, कातकरी लोक आधीपासून होतेच. शार्लट लेकच्या काठावर पिसरनाथाचं देऊळ आहे, लोक त्याला ग्रामदैवत मानतात. आपल्याकडे प्रत्येक रानाला राखणदार असतो तसंच काहीसं, आईने तिथं जाऊन नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं अगदी आपल्या पद्धतीने. नावच बघा ना, माथ्यावरचं रान. ते काही साहेबाने ठेवलेलं नाही.

साहेबांना डोंगर का लागायचा हे गोव्यातल्या माणसाला जरा वेगळं काढून समजून घ्यावं लागतं, कारण आपल्याकडे पोर्तुगीज साडेचारशे वर्षं होते पण त्यांनी सिमला-उटीसारखं गाव डोंगरावर वसवलं नाही. रोगराई त्यांच्याकडेही होतीच, किंबहुना जुन्या गोव्यात ताप आणि कॉलऱ्याने इतकी माणसं गेली की राजधानीच हलवावी लागली. पण ते हलले ते नदीच्या तोंडाकडे, आधी पणेली, मग १७५९ ला पणजी, आणि १८४३ ला पणजी रीतसर राजधानी झाली. भाटकार म्हणजे जमीनदार मंडळी मे महिन्यात हवापालटाला दर्यावर जायची, मडगावचे लोक कोलव्याला, त्याला मुदांस म्हणायचे. ब्रिटिश मात्र वर चढले. उन्हाळा आणि ताप याला उतारा म्हणजे उंची असा त्यांचा ठाम समज, म्हणून आजारी सैनिकांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी डोंगरावर जागा बघायच्या, त्यातूनच ही सगळी गावं उभी राहिली. माथेरान साधारण ८०० मीटर उंचीवर, म्हणजे उटीच्या मानाने ठेंगणंच, पण मुंबईच्या जवळ असल्यामुळे त्याला महत्त्व आलं.

पण उंचीवर राहायचं तर तिथं पोचायला हवं. नेरळहून वर यायला साहेब आणि मडमा तट्टूवर नाहीतर पालखीत बसायच्या, सामान हमालांच्या डोक्यावर. म्हणजे गावाच्या पहिल्या दिवसापासून कोणाच्यातरी खांद्यावर बसूनच लोक वर आले. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं. दस्तुरीवर हातरिक्षांची रांग बघितली आणि एकदम लक्षात आलं की पालखी गेली, पण खांदा तिथंच राहिला.

मग लहान गाडी आली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या बोहरी गृहस्थाने, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर, हा रेल्वेमार्ग बांधला. १९०४ ला काम सुरू, १९०७ ला गाडी धावली, १६ लाख रुपये खर्च. रूळ फक्त दोन फूट रुंद, साधारण २१ किलोमीटर अंतर, चढ काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट. डोंगर सरळ चढायचा नाही, घोड्याच्या नालेसारखी वळणं घेत घेत जायचं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी मधली स्टेशनं, आणि एक एवढुसा बोगदा ज्याला वन किस टनेल म्हणतात, नाव सांगितल्यावर वयनी लाजली आणि आई मोकळेपणाने हसली. सरकारी तिजोरीतून नाही तर एका घराण्याने पदरचे पैसे घालून बांधलेली गाडी आहे ही, आणि हे मला फार मोठं वाटतं. या गाडीने पहिल्यांदा डोंगर साध्या माणसाला परवडेल असा केला. मात्र ती नाजूकही आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, २००७ ला परत सुरू झाला. २०१६ ला गाडी रुळावरून घसरली म्हणून बंद. २०१९ च्या पावसात परत मोडतोड झाली ती थेट २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळपासून पूर्ण मार्ग सुरू झाला. म्हणजे आम्ही गेलो त्याच्या जेमतेम सात महिने आधी! हे माहीत असतं तर रांग एवढी का ते कळलं असतं आणि आम्ही नाश्ता नंतर केला असता.

मोटारींना बंदी मात्र सुरुवातीपासून चालत आलेली आहे, आणि २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केला तेव्हा ती पक्की झाली. आता परत दस्तुरीवर येते.

आमच्यापुढे मार्ग होते ते असे. चालत जायचं, तर आईला शक्य नव्हतं, सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर झाला की ती बसते. घोडा, तर गुडघा वाकवून रिकिबीत पाय घालणंच तिला जमणार नव्हतं, आणि पडली बिडली तर काय ही भीती. पुढच्या शटलसाठी थांबायचं, तर दोन तास उन्हात, बसायला जागा म्हणजे कठडा, आणि तिकीट मिळेलच याची खात्री नाही. आणि चौथी हातरिक्षा. दोन मोठी चाकं, वर छप्पर, एक माणूस पुढे दांडे धरून, एक मागे ढकलायला. दरांचा फलक लावलेला होता त्यामुळे घासाघीस करायची वेळच नव्हती. आम्हाला मोठ्यांना सोपं वाटलं. आईला बसवा, आपण बाजूने चालू.

आई म्हणाली, मी बसणार नाही.

आम्ही समजूत घालायला लागलो तर तिचा आवाज चढला, जो शाळा सुटल्यापासून आम्ही ऐकला नव्हता. "माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसू? पोरांना काय शिकवलं मी आयुष्यभर?" नवरा म्हणाला आई त्यांचा धंदा आहे तो, ते काय फुकट करतात. आई म्हणाली पैसे दिले म्हणून ते जनावर होत नाही. तिथेच रिक्षाचे दांडे धरून एक दादा उभे होते, पन्नाशीचे असतील, ते हे सगळं ऐकत होते. मला लाज वाटली की त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी असं बोलणं चाललंय. ते पुढे आले आणि आईला म्हणाले, "आजी, सकाळपासून एकच फेरी झालीय. तुम्ही चालत गेलात तर मी इथंच बसून राहणार, एवढंच."

आई गप्प झाली. मग तिने त्यांना विचारपूस सुरू केली, शिक्षिकेची सवय, नाव गाव पोरं शाळा सगळं. दादा नेरळकडच्या वाडीतले, वडीलही हेच काम करायचे, मागे ढकलणारा पोरगा त्यांचा पुतण्या. माझ्या मुलाने विचारलं की ई-रिक्षा का नाही आणत. दादा म्हणाले आणल्या होत्या, डिसेंबरात आल्या, तीन महिने चालवून बघितल्या, मार्चमध्ये बंद. गावातल्या म्हाताऱ्या लोकांना आणि शाळेच्या पोरांना बरं झालं होतं, आता परत आहे तसं. हा प्रयोग सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने झाला होता हे मला नंतर कळलं. ई-रिक्षाला विरोध करणारे लोकही गावात आहेत, काहींना भीती की आज ई-रिक्षा आली की उद्या मोटार येईल, घोडेवाल्यांना पोटाची काळजी. दोन्ही बाजू मी तिथं ऐकल्या आणि कोणाचीही भीती मला खोटी वाटली नाही.

शेवटी आई बसली. पण तिने अट घातली, चढ लागला की मी उतरणार. दादा म्हणाले आजी तसं करू नका, तुम्ही मध्येच चढ-उतर केलीत की गाडी थांबवायची, परत जोर काढायचा, त्यातच जास्त दम जातो, बसूनच राहा. आईला ते पटलं. निघालो. रस्ता रुळाच्या बाजूबाजूने जातो, वर जांभूळ, अंजन, हिरडा यांची सावली, खाली आपल्या चिऱ्याच्या खाणीत असते तशी तांबडी माती. आईला तर वाटलं आपण केरीच्या रानातून चाललोय. उतारावर मी बघितलं, मागचा पोरगा ढकलायच्या ऐवजी टाचा मातीत रोवून मागे ओढत होता, त्या गाडीला ब्रेक म्हणजे त्याचं अंग. चढावर दादांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मध्ये एका सपाटीवर थांबले तेव्हा ते उजवा गुडघा चोळायला लागले. आईने विचारलं, गुडघा? ते म्हणाले हो, उतारावर सगळा भार तिथंच येतो. आईने आपल्या पिशवीतून फणसाची साठं काढली आणि दोघांना दिली, पुतण्याने पहिल्यांदाच खाल्ली, फार आवडली त्याला.

बाजारपेठेत पोचलो. फलकाप्रमाणे पैसे दिले, वर काही द्यायला गेलो तर आईने आमच्याकडून न घेता आपल्या पर्समधून दिले, आणि दादांचा फोन नंबर तिच्या छोट्या वहीत लिहून घेतला.

पुढचे तीन दिवस आम्ही राहिलो, आणि आता त्या गावाचं मन का ओढतं ते सांगते, कारण ते सांगितलं नाही तर हे प्रकरण अर्धंच राहील. दुपारी ऊन होतंच, मे महिना तो, अंग गारठवणारी थंडी वगैरे नाही. पण हॉर्न नाही. पहिल्या रात्री मला झोप लागेना, कान काहीतरी शोधत होते, मग कळलं की लांबवर कुठेही गाडीचा आवाजच नाहीये. साखळीत आमच्या दारावरून वर्षानुवर्षं खनिजाचे ट्रक गेलेत, त्या आवाजात आम्ही वाढलो, त्यामुळे ही शांतता मला जवळजवळ अंगाला लागली. सकाळी घोड्यांच्या टापा, झाडावर शेकरू, पत्र्यावर माकडांची पळापळ. मुलं रस्त्याच्या मधोमध पळतात आणि आयांना मागून ओरडावं लागत नाही. घोड्यांची लीद आणि तांबडी धूळ आहे, वास येतो, संध्याकाळी सगळ्यांचे पाय तांबडे, पण हे सहन होतं. पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय बघायला मी आणि मुलगा पहाटे चालत गेलो. लुईझा पॉइंटवरून प्रबळगड दिसला. जुने बंगले झाडीत आत आत दडलेले, फाटकावर इंग्रजी नाव, व्हरांड्यात आरामखुर्ची, एखादा माळी. आई फार फिरू शकली नाही, ती हॉटेलच्या अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची, आणि मला वाटतं गावाची खरी माहिती तिनेच मिळवली.

भाई कोतवालांचं तिला तिथंच कळलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १९१२, माथेरानातल्या नाभिक घरातला मुलगा, शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, आणि १९४२ च्या चळवळीत भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचे हे त्यांचं काम. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात गेले, सोबत हिराजी पाटील. साहेबांच्या हवा खायच्या गावात, साहेबांची दाढी करणाऱ्या समाजातला मुलगा असा निघतो! आईला हे इतकं लागलं की ती म्हणाली, मी ३० वर्षं मॅलेट शिकवला, हा माणूस मला कोणी सांगितलाच नाही. तिच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर फक्त भाई कोतवालांचं नाव आणि दोन तारखा आहेत.

गॅसचा सिलिंडर कसा येतो ते मी मुद्दाम बघितलं. घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. भाजी, दूध, सिमेंट, हॉटेलच्या गाद्या, सगळं कोणीतरी ओढत नाहीतर वाहत आणतं. पर्यटक म्हणून आपल्याला जी शांतता मिळते ती नुसती झाडांमुळे नाही, जे काम दुसरीकडे इंजिन करतं ते इथं माणूस आणि घोडा करतात म्हणून ती आहे. हे म्हणताना मी मोटार आणा असं म्हणत नाहीये, अजिबात नाही. मोटार आली तर सहा महिन्यांत ते गाव संपेल, आपण कळंगुट-बागाचं काय झालं ते बघितलंय, पावसाळी शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी काय होतं ते तर आपल्याच गोव्याच्या नंबरप्लेट सांगतात. बंदी योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की बंदी घालताना त्याचा भार कोण उचलणार हे त्याच कागदावर लिहिलं गेलं पाहिजे. माथेरानला ते लिहायला पावणेदोनशे वर्षं लागली.

परत येताना आम्ही शहाणे झालो होतो. शटलच्या वेळेच्या तासभर आधी मी रांगेत उभी राहिले, तिकिटं मिळाली, आई लहान गाडीच्या खिडकीशी बसली. अमन लॉजपर्यंतचाच तो प्रवास, पण ती एक शब्द बोलली नाही, खिडकीवर हात ठेवून बाहेर बघत राहिली.

आता कोणी विचारलं की आमच्या जागी तुम्ही काय कराल, तर मी हे सांगते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर नेरळची गाडी हवी असल्यास सगळ्यात आधी कोणीतरी एकाने खिडकीवर जाऊन उभं राहायचं, बाकी सगळं नंतर. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, शटलचं विचारून घ्यायचं. हॉटेल बुक करताना स्टेशनपासून किती चालायचं हे नेमकं विचारायचं, नुसतं "जवळच आहे" यावर जायचं नाही, आमचं हॉटेल "जवळच" होतं आणि आईला परत दहा मिनिटं चालावं लागलं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधीच विचारायचं की बाई तुला कशात बसायला चालेल. आम्ही आईचं तिकीट काढलं, औषधं घेतली, गुडघ्याचे पट्टे घेतले, पण हे एक विचारलं नाही, आणि तिचा अपमान नाक्यावर चारचौघांत झाला असता, दादा समजूतदार म्हणून वाचलं.

सुर्लाचं जे बोलतात त्यांच्यासाठी पण एक सांगते. तिथल्या घरातल्या बाईला बाळंतपणाला वाळपईला न्यायचं तर काय आहे आज, हे आधी बघा, मग पॉइंट आणि रिसॉर्टचं बोलू.

६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढायची ही पद्धत माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने हातरिक्षा बंद करा, त्यांच्या जागी ई-रिक्षा द्या, गुजरातेत केवडियाला जशी योजना आहे तशी सरकारने गाड्या घेऊन चालवायला द्याव्यात. परवाना असलेले हातरिक्षावाले ९४. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही हेही सांगितलं. मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक, म्हणजे फरशीसारखे ठोकळे, बसवायचे की नाही हा जो वाद होता त्यावर दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला परवानगी, आतल्या रस्त्यांना आणि रानवाटांना नाही. मला ही वाटणी बरोबर वाटते, जिथं ओझं आहे तिथं रस्ता घट्ट, बाकी माती तशीच. आईला मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर वाचता येत नाही, मी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, त्या ९४ मध्ये दादा आहेत का?

वही काढली, नंबर शोधला, फोन लावला. लागेल असं मला वाटलं नव्हतं. दादांनी उचलला, साखळीच्या आजी म्हटल्यावर त्यांना दोन मिनिटं लागली, मग फणसाच्या साठांवरून ओळख पटली. यादीत नाव आहे म्हणाले, गाडी हातात कधी येते ते बघायचं. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि कोर्टाचं, गाडीचं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "तुमचा उजवा गुडघा कसा आहे?" दुखतो म्हणाले. मग पुढची दहा मिनिटं ती त्यांना निगडीचा (निर्गुडीचा) पाला कसा गरम करून बांधायचा ते सांगत बसली, आणि पाला तिकडे मिळतो का, नसला तर इथून पाठवू का, हेही.